पोटुशी सवाष्ण

आईनं फोनवर हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "रविवारी जेवाले ये," म्हणाली. "सवाष्ण पाह्यजे."

"आई, मले नववा लागला," मी म्हटलं. "अख्ख्या अकोल्यात तुले दुसरी सवाष्ण भेटली नाही काय?"

"भेटते नं. पण पोटुशी पाह्यजे."

"काहून? आहे काय असं?"

"आहे काहीतरी. फोनवर नाई सांगत."

माझं डोकं लवकर तापतं, हे माझ्या वर्गातली पोरंही सांगतील. मी अमरावतीत एका शाळेत गणित शिकवते आणि 'आहे काहीतरी' हे उत्तर मला कोणाकडूनच चालत नाही. पण ही आई होती. शिवाय लग्नाला सात वर्षं झाल्यावर, दोनदा तिसऱ्याच महिन्यात हातचं गेल्यावर, हे पोट टिकलं होतं. ओटी भरायची असेल, काही नवस बोलली असेल, कशाला तिचं मन मोडा, असं म्हणून मी हो म्हटलं. तसंही पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं होतं. आठ-पंधरा दिवसांनी मी बॅग भरून अकोल्याला जाणारच होते.

नवरा बडनेऱ्याला रेल्वेत आहे. त्यानं सकाळच्या गाडीत खिडकीपाशी बसवलं, पाठीला उशी दिली आणि स्वतः उभा राहिला. मार्च महिना होता. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीतून गरम वारा यायला लागला होता. पोटातलं लेकरू सारखं लाथा मारून राहिलं होतं आणि मी खूश होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हालचाल मोजत राहा, हललं की समजायचं बरं आहे.

अकोल्याला आई राहते ती माझ्या धाकट्या भावाकडे. भाऊ, त्याची बायको आणि त्यांची चार वर्षांची पोरगी. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी दारातून आत गेले तेव्हा आईनं माझे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, पाटाभोवती रांगोळी काढली होती तिथे बसवलं. नवव्या महिन्यात पाटावर बसणं म्हणजे काय असतं ते बसणारीलाच विचारा. खाली जाताना एक जण लागतो, वर येताना दोन.

ताट आलं. दहीभात. ज्वारीच्या कण्या, ताक, आणि कालच्या गार पुऱ्या. सगळं थंडगार. कशालाही फोडणी नाही. माझ्या आईच्या घरात रविवारी दुपारी लसणाच्या फोडणीचा वास नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारणार तेवढ्यात भाची आतून धावत आली, उरल्यासुरल्या मांडीत बसली, माझ्या गळ्यात तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आत्या, मले तुया ताटातलं दे." मी तिला दहीभाताचा घास दिला. दुसरा दिला. तिसरा देताना लक्षात आलं, एवढ्या गरमीत पोरीला गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्यांचा फ्रॉक घातलाय. तिच्या केसांना कडुलिंबाचा वास येत होता. मी कॉलर जरा खाली केली. मानेवर खपल्या होत्या. आणि खपल्यांच्या मध्ये दोन-तीन टपोरे, पाण्यानं भरलेले फोड.

"हे काय झालं हिले?"

वहिनी ओट्याकडे वळली. आई म्हणाली, "काई नाई. पाहुणी आली होती. काल आंघोळ घातली, गेली. तू जेव."

मग सगळं समजलं. आमच्याकडे घरात पोराच्या अंगावर असं काही उठलं की त्याचं नाव घेत नाहीत. देवी आली म्हणतात, पाहुणी आली म्हणतात. दाराला कडुलिंब लावतात, फोडणी बंद, तळण बंद, डॉक्टर बंद. उतरलं की लिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालतात आणि देवी शांत होऊन जावी म्हणून सवाष्णीला थंड जेवण घालतात. सवाष्ण पोटुशी असली तर सोन्याहून पिवळं. म्हणजे मी नववा महिना असूनही बोलावलेली नव्हते, नववा महिना म्हणूनच बोलावलेली होते.

"आई, मले सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तं तू आली असती काय?"

"नसती आली."

"मंग," आई म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी कण्या वाढल्या.

परतीच्या गाडीत मी फोन काढला आणि वाचू नये ते सगळं वाचलं. कांजिण्या आणि गर्भारपण. नवरा म्हणाला, "ठेव तो फोन." मी ठेवला नाही. बडनेऱ्याला उतरेपर्यंत पोटातलं लेकरू हललं तरी मला बरं वाटत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायच्या आधीच जाऊन बसलो. त्या शांत बाई आहेत, पण त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सगळ्या खपल्या धरल्या होत्या?"

"नाही. मानेवर पाण्याचे होते."

"किती जवळ होती ती?"

"मांडीत. माझ्या ताटात जेवली."

"तुम्हाला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात का?"

आता हे मला काय माहीत. ज्या घरात त्या आजाराचं नावच घेत नाहीत, त्या घरातल्या पोरीला कोणता आजार कधी झाला हे कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. होऊन गेल्या असतील तर काळजीचं कारण नाही, तीच ताकद बाळालाही मिळालेली असणार. झाल्या नसतील, तर दोन-तीन आठवड्यांत मला पुरळ येऊ शकतं. म्हणजे नेमकं बाळंतपणाच्या आसपास. तेव्हा आलं तर माझ्या अंगात तयार होणारं संरक्षण बाळापर्यंत पोचायच्या आत आजार पोचतो, आणि जन्मलेल्या लेकराला तो फार जड जातो. किती जड, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी आधीच वाचलेलं होतं.

तिथूनच आईला फोन लावला.

"आली होती नं तुले," आई लगेच म्हणाली, एक श्वासही न घेता. "दोन वर्साची होती तू. कापसाचे दिवस होते. डोळे उघडत नव्हती, उजेड सोसे नाई तुले. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, सारखी खोकलत होती. मी खिडकीले लुगडं बांधलं होतं. मंग तोंडावरून बारीक लाल लाल उतरलं ते पायापर्यंत. तुले एकदा येऊन गेली, आता काई होत नाई. जेव निवांत."

माझ्या जिवात जीव आला. एवढं बारीकसारीक आठवतंय म्हणजे पक्कंच. मी जसंच्या तसं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा काही सैल होईना.

"डोळे, नाक, खोकला, वरून खाली उतरणारं बारीक पुरळ," त्या म्हणाल्या. "हे कांजिण्यांचं नाही वाटत मला. हे गोवराचं झालं. एक झालं म्हणून दुसरं होत नाही, असं नसतं. रक्त तपासू."

रक्त घेतलं, बाहेरच्या लॅबला गेलं. मध्ये दोन दिवस गेले. मी घरात नुसती फिरत होते. कूलरसमोर बसले की वाटायचं ताप आलाय, उठले की वाटायचं अंग दुखतंय. दर तासाला आरशात गळा पाहायचा, बाह्या वर करून हात पाहायचे. नवरा म्हणाला, "इतक्यात येत नाही, डॉक्टर म्हणाल्या ना?" मी म्हटलं, "तुले काय जाते म्हणाले." बिचारा, त्याचंही लेकरू होतं. पण त्या दिवसांत माझ्यासमोर जो उभा राहील त्याची काही खैर नव्हती.

रिपोर्ट आला. संरक्षण नाही. कांजिण्या मला कधीच झालेल्या नव्हत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक इंजेक्शन असतं. ज्यांना होऊन गेल्यात त्यांच्या रक्तातली तयार ताकद. आजार येणारच नाही अशी हमी नाही, पण आला तर नरम येतो. त्याला मुदत असते, पोरीला भेटल्यापासून ठरावीक दिवसांतच द्यावं लागतं. अमरावतीत नव्हतं. नागपूरला एका ठिकाणी आहे म्हणाले, मग नाही म्हणाले, मग उद्या दुपारी मिळेल म्हणाले. मी बाकावर बसून हे ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आईनं सांगितलेलं खरं मानून मी घरी निवांत बसले असते तर? डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं नसतं तर?

संध्याकाळी आईला फोन केला. काय बोलायचं ते मनात धरूनच केला.

"आई, मले साऱ्या सुया दिल्या होत्या नं तू?"

"दिल्या नं. एकही नाही चुकवली. तुये बाबा सायकलवर नेत उपकेंद्रात. रडून रडून गाव डोक्यावर घे तू."

"गोवराची नवव्या महिन्यात देतात. तेही दिली?"

"दिली."

"मंग दोन वर्सांची असताना मले गोवर कसा आला? तोही एवढा मोठा?"

मला वाटलं फोन कटला.

"आई, माया पोटात लेकरू आहे. तुनं मले खोटं काहून सांगितलं?"

"मी येतो उद्या," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं, आईला घरात येऊ द्यायचं का म्हणून. आईच्या कपाळावर, गालावर लहानपणचे खड्डे आहेत, तिला तेव्हाच कांजिण्या होऊन गेलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, येऊ द्या, फक्त भाचीला आणू नका. आता अकोल्याला बाळंतपणाला जायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. हातात एक पिशवी, त्यात दोन लुगडी आणि आंबाडीची भाजी. नवरा तेव्हा नागपूरला निघालेला होता, मित्राची गाडी आणि बर्फाचा डबा घेऊन. आईनं हातपाय धुतले, खाली बसली आणि भाजी निवडायला घेतली. मी खुर्चीवर. मी फोनकडे पाहत होते, आई भाजीकडे.

"तुले नाई आली कधी," आई म्हणाली. "तुया आधी एक पोरगा होता."

मला नीट कळलंच नव्हतं.

"दोन वर्साचा होता. तू पोटात होती, सातवा होता मले. त्याले आली. उतरली बी. ताप गेला, अंगावरचं काळं पडून राहिलं, उठून बसला, भाकर मागितली. मंग थंड जेवण घालायचं होतं. पण वेचणीचे दिवस, साऱ्या बाया वावरात. तुही आजी म्हणाली, दोन रोजानं घालू. घरात मी पोटुशी सवाष्ण होतो, पण घरचीच म्हणून मले पाटावर बसवलं नाही. आणि मंग त्याचा खोकला वाढला. श्वास लागला. बैलगाडीत घालून नेला तं रस्त्यातच..."

तिनं आंबाडीची काडी मोडली. काडी ताजी होती, पण ती मोडतच राहिली.

"तुही आजी मेली तोवर म्हणत होती, जेवण राह्यलं म्हणून गेला. मीही तेच म्हणतो. म्हणून त्या पोरीले आंघोळ घातली तवा मी ठरवलं, आता राहू नाई द्यायचं. पोटुशीच बसवायची. त्या पोरीसाठी बी आणि तुया पोटातल्यासाठी बी. तुले वाचवायले बोलावलं होतं मी, बाई."

माझ्याजवळ ओरडायला शब्द तयार होते. आदल्या दिवसापासून जमवून ठेवले होते. त्यातला एकही बाहेर निघाला नाही. तिनं फोनवर सांगितलेला प्रत्येक तपशील खरा होता. उजेड न सोसणं, खिडकीला बांधलेलं लुगडं. फक्त पोर दुसरं होतं. ती इतकी वर्षं कोणाला सांगू शकत नव्हती ते तिनं माझ्या नावावर सांगून टाकलं होतं.

आणि मग मला माझं लग्न आठवलं. ते ज्येष्ठ महिन्यात झालं. नवरा घरातला थोरला, मी थोरली. थोरल्याचं थोरलीशी ज्येष्ठात लावत नाहीत म्हणून सासरचे गुरुजी अडून बसले होते. आई तेव्हा मांडवाच्या गडबडीत म्हणाली होती, "लावा बिनधास्त, चालते." हॉलची तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली म्हणून म्हणत असेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तिला माहीत होतं की मी थोरली नाही.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

आईनं सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. डबा मिळाला, तिवशाच्या पुढे आलो, अर्ध्या तासात पोचतो. आम्ही दोघी मायलेकी दवाखान्यात जाऊन बसलो. दोन्हीकडे सुया टोचल्या, बसायची सोय उरली नाही. आई बाहेर बाकावर डोळे मिटून बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता चार आठवडे वाट पाहायची, या इंजेक्शननं मुदत लांबते. पुरळ आलं की लगेच यायचं. मुदत संपेपर्यंत बाळंतपण होऊ नये, आणि झालं तर पुरळ नसताना व्हावं."

वाट पाहणं म्हणजे काय ते त्या आठवड्यांत समजलं. कळ आली की जीव जायचा, आताच नको म्हणून. कळ गेली की जीव जायचा, मग कधी म्हणून. लेकरानं बाहेर यावं असं वाटत होतं आणि आतच राहावं असंही वाटत होतं. आई अमरावतीतच राहिली. रोज सकाळी आंघोळीच्या आधी ती चष्मा लावायची आणि मला भिंतीकडे तोंड करून उभी करायची. पाठ मला स्वतःची दिसत नाही ना. मान, पाठ, कंबर, केसांच्या मुळाशी बोटं घालून. काय शोधतेय ते तिनं एकदाही तोंडानं म्हटलं नाही. पाहून झालं की "हं" म्हणायची. त्या "हं"वर माझा पुढचा दिवस चालायचा.

एकदा "हं" आलं नाही.

"काय झालं?"

"उभी राह्य जराशी."

"आई, काय आहे?"

"बारीक बारीक आहे."

मी गाऊन तसाच खाली ओढला, नवऱ्याला ऑफिसातून बोलावलं, तिघं रिक्षात. एप्रिलचं ऊन, रिक्षावाल्याला सांगून राहिले, दादा हळू, दादा लवकर. आई माझा हात धरून होती. डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली, दिव्याखाली पुन्हा पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या.

"घामोळं आहे," म्हणाल्या. "अमरावतीत एप्रिलमध्ये घामोळं नाही येणार तर काय येणार? कूलरमध्ये पाणी टाका."

मी तिथेच रडायला लागले. नवरा म्हणाला, "घामोळ्यासाठी कोणी रडते काय?" आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी. परत येताना आई म्हणाली, "माया डोळ्याले नीट दिसत नाई आता." मी म्हटलं, "दिसते त्याहून जास्त दिसते तुले." तिला थोडं हसू आलं.

पुरळ आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली मुदत संपायला थोडे दिवस असताना मुलगी झाली. सव्वा महिना आम्ही तिला नुसतं न्याहाळत होतो. तिच्या अंगावर डासाचा एक चावा दिसला की आई चष्मा शोधायला लागायची. नवजात लेकरांच्या अंगावर इतकं बारीक पुरळ येतं आणि जातं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण कांजिण्यांचा एक फोड उठला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शन वेळेत मिळालं. आई म्हणाली, जेवण वेळेत झालं. मी दोघींशीही वाद घातला नाही. माझ्या ओळखीतल्या कोणालाही हे पटणार नाही.

मुलीच्या सुया मात्र मी एकही पुढे ढकलली नाही. दीड महिन्याची, अडीचची, साडेतीनची. अकोल्याला वहिनीला फोन करकरून भाचीचंही विचारलं. ती म्हणाली, "ताई, सरकारी साऱ्या दिल्या, कांजिण्यांची त्यात येतच नाही." नाही येत, ती वेगळी विकत घ्यावी लागते. मग घे म्हटलं, दुसऱ्या पोराच्या वेळी घे. आई हे सगळं बाजूला बसून ऐकायची आणि मध्ये पडायची नाही.

नऊ महिन्यांची सुई जवळ आली तेव्हा आईचा फोन आला. "त्या दिवशी मी येतो," म्हणाली. म्हटलं, एवढ्याशा सुईसाठी अकोल्याहून कशाला. "येतो," म्हणाली. आली.

आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात सकाळी गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा आईनं मुलीला मांडीवर घेतलं, मी तिची पायातली मोजी काढली. सिस्टर लस भरत होत्या.

"हे गोवराची का?" आईनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला.

"हो मावशी, गोवराची."

आई माझ्याकडे वळली. "तुया वक्ती होती हे."

"होती."

"त्याच्या वक्ती होती का?"

मी गणित शिकवते. माझ्यात आणि त्याच्यात किती अंतर होतं ते तिनंच मला सांगितलं होतं. मी नऊ महिन्यांची असताना ज्या उपकेंद्रात ती सुई मिळत होती, तिथेच दोन-तीन वर्षं आधीही मिळत असणार, हे काढायला वही लागत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलंही होतं, त्याही तेच म्हणाल्या होत्या. आईच्या डोक्यात हा हिशोब कधीपासून चाललाय कोण जाणे. मला साऱ्या सुया दिल्या, एकही चुकवली नाही, सायकलवर नेलं, हे ती उगाच सांगत नव्हती.

सिस्टर थांबल्या होत्या. त्यांच्या हातात सुई तशीच.

"नव्हती, आई," मी म्हटलं.

"पक्कं?"

"डॉक्टरीणबाईले विचारलं मी. त्याच्या वक्ती आपल्या गावात आलीच नव्हती."

आई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी वर्गात उभी असते तशी उभी राहिले, डोळे न हलवता. "मंग काई करताच आलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं."

"मावशी, हात घट्ट धरा लेकराचा," सिस्टर म्हणाल्या. आईनं धरला. मुलीनं केंद्र डोक्यावर घेतलं.

अर्धा तास बसायला सांगतात, तसे आम्ही बाहेर बाकावर बसलो. मुलगी हुंदके देत आईच्या खांद्यावर झोपली. शेजारी तिवशाकडची एक बाई नातवाला घेऊन बसली होती. गप्पा सुरू झाल्या. लेकराचं वजन किती, दात किती, तुमी कुठच्या. तिनं माझ्याकडे बोट करून आईला विचारलं, "हे थोरली काय तुमची?"

आयुष्यभर या प्रश्नाला आईनं मान हलवून हो म्हटलेलं मी ऐकलं होतं.

"नाई बाई," आई म्हणाली. "हे दुसरी. थोरला पोरगा होता, गोवरानं गेला. तवा सुई नव्हती."

ती बाई "अरे माय" म्हणाली आणि तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला. मी मुलीची मोजी पिशवीत ठेवत होते, ती पुन्हा बाहेर काढली, पुन्हा ठेवली.